भाकिताचे स्थैर्य : यंत्राच्या वाणीचा एक दुर्लक्षित इतिहास

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. पुण्यात सिमला कोठून आले, हा प्रश्न नव्या माणसाला पडतो आणि जुन्याला पडेनासा होतो. उत्तर साधे आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. १९४४ साली ते दिल्लीस गेले, नाव मात्र मागे राहिले. हे खाते सिमल्यास असताना, १९०४ ते १९२४ अशी वीस वर्षे, सर गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती त्याचे प्रमुख होते. १८७७ आणि १८९९ च्या अवर्षणांनी होरपळलेल्या देशात सरकारला पावसाचे भाकीत हवे होते. वॉकर यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवून त्यांचे परस्परसंबंध हाताने मोजून घेतले. पावसाने त्यांच्या गणिताला बेताचीच दाद दिली. परंतु हिंदुस्थानातून परतल्यावर, १९३१ साली, ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदराच्या वायुभाराच्या नोंदी पुढ्यात घेऊन त्यांनी एक निबंध लिहिला. त्यातली समीकरणे पुढे जिथे पोहोचली, तिथे ती पोहोचतील असे खुद्द वॉकर यांना स्वप्नातही वाटले नसेल. भ्रमणध्वनीवर आपण बोलतो तेव्हा आपला आवाज पलीकडे पोहोचवण्यात या समीकरणांचा वाटा असतो.

हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण असे की त्याच्या गाभ्यात आपल्या ओळखीचा एक प्रश्न आहे. एकच आशय दोन रूपांत मांडला तर तो एकच राहतो का? समीक्षेत या प्रश्नावर आपण पिढ्यान् पिढ्या वाद घातले आहेत. गणितात तो वाद नाही असे आपण गृहीत धरतो, कारण तिथे बरोबरीचे चिन्ह असते. आवाजाच्या संकेतनाचा इतिहास पाहिला की हे गृहीतक ढासळते.

आधी मूळ कल्पना. आवाज यंत्राने साठवायचा तर सेकंदाला आठ हजार वेळा हवेच्या दाबाची नोंद घ्यावी लागते. या नोंदी एकमेकींशी असंबद्ध नसतात. घशातून निघालेला कंप तोंडाच्या पोकळीत घुमतो आणि त्या घुमण्याला स्वतःची एक लय असते. म्हणून मागच्या दहा नोंदी ठाऊक असल्या, तर प्रत्येकीला ठरावीक वजन देऊन केलेली बेरीज पुढच्या नोंदीच्या बरीच जवळ जाते. ही दहा वजने एकदा काढली की सगळ्या नोंदी पाठवायला नकोत. वजने पाठवावीत आणि भाकीत जेवढे चुकले तेवढा अवशेष पाठवावा. तोंडाचा आकार सावकाश बदलतो, त्यामुळे साधारण दर वीस मिलिसेकंदांनी नवी वजने काढली की भागते. या पद्धतीला 'लिनिअर प्रेडिक्टिव्ह कोडिंग' म्हणतात. आपण तिला भाकीत-संकेतन म्हणू. वजने काढण्यासाठी सोडवावी लागणारी समीकरणे म्हणजेच वॉकर यांची समीकरणे. त्यांच्या आधी १९२७ साली जॉर्ज उडनी यूल यांनी सौरडागांच्या १७४९ ते १९२४ पर्यंतच्या नोंदींवर हाच विचार चालवला होता, म्हणून नावात दोघेही आहेत. यूल यांचा दृष्टांत सांगितल्यावाचून राहवत नाही. एक लंबक शांतपणे झुलतो आहे आणि काही पोरे त्याच्यावर वाटाणे मारत आहेत. लंबकाची गती त्यामुळे बेशिस्त होते, पण त्याचे लंबकपण सुटत नाही. माणसाच्या बोलण्याचे याहून चांगले चित्र मला ठाऊक नाही, आणि यूल तर सूर्याविषयी लिहीत होते.

समीकरणे मांडणे निराळे आणि सोडवणे निराळे. दुसऱ्या महायुद्धात एमआयटीमध्ये नॉर्बर्ट वीनर यांनी भाकिताचा सिद्धान्त रचला. त्यांचा १९४२ चा गोपनीय अहवाल इतका दुर्बोध होता की पिवळ्या वेष्टनावरून अभियंत्यांनी त्याला 'पीतसंकट' असे उपरोधिक नाव ठेवले. वीनर यांचे शिष्य नॉर्मन लेव्हिन्सन यांनी तो सिद्धान्त हिशेबाच्या आवाक्यात आणला. समीकरणांच्या सारणीत प्रत्येक तिरक्या ओळीवर एकच आकडा पुन्हा पुन्हा येतो, ही रचना त्यांनी हेरली. एका वजनाचे उत्तर हाती असले तर त्यावरून दोन वजनांचे काढता येते, दोनांवरून तिनांचे. अशी जिन्यासारखी रीत त्यांनी १९४७ साली प्रसिद्ध केली. नेहमीच्या रीतीने दहा समीकरणांना हजाराच्या घरात क्रिया लागत असतील, तर इथे शंभराच्या घरात भागते. लेव्हिन्सन यांना स्वतःला हे काम गणिती दृष्ट्या क्षुल्लक वाटत होते. त्यांची हयात शुद्ध गणितात गेली आणि १९७४ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी रीमानच्या गृहीतकासंबंधी एक मोठा निष्कर्ष सिद्ध केला. तरीही त्यांचे नाव सर्वांत अधिक घेतले जाते ते त्या क्षुल्लक कामासाठी. १९६० साली जेम्स डर्बिन यांनी ही रीत वॉकर यांच्या समीकरणांना नेमकी बसवली, आणि तेव्हापासून ती लेव्हिन्सन-डर्बिन रीत म्हणून ओळखली जाते.

१९४७ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवायला हवे. त्याच वर्षी जॉन फॉन नॉयमन आणि हर्मन गोल्डस्टाइन यांनी मोठ्या सारण्यांच्या आकडेमोडीतील चुकांवर आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी. यंत्र दशांशाची अनंत घरे ठेवू शकत नाही. प्रत्येक पायरीवर शेवटचे घर कापावे लागते. या बारीक कापाकापीची बेरीज कुठवर जाते, हा प्रश्न तेव्हा नवा होता. लेव्हिन्सन यांची रीत आणि या रीतीवर पुढे ज्या शास्त्राने शंका घेतली ते शास्त्र, ही अशी जुळी भावंडे आहेत.

आता ऑगस्ट १९६८, टोकियो. ध्वनिशास्त्राच्या सहाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दोन निबंध वाचले गेले. एक निप्पॉन टेलिग्राफ अँड टेलिफोनच्या प्रयोगशाळेतील फुमितादा इताकुरा आणि शुझो साइतो यांचा, दुसरा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील बिष्णू अटल आणि मानफ्रेड श्रोडर यांचा. अटल मूळचे कानपूरचे. लखनौ विद्यापीठातून आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून शिकून ते १९६१ साली बेल प्रयोगशाळेत गेले होते. दोन्ही गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे भाकीत-संकेतन आवाजाला लावले होते. अग्रमान कोणाचा, हा वाद मला निष्फळ वाटतो. लक्षणीय आहे तो दोन्ही गटांच्या पुढच्या वाटचालीतला फरक, आणि तो स्थैर्याच्या प्रश्नावरच उघड होतो.

स्थैर्य म्हणजे काय? पलीकडचे यंत्र आवाज पुन्हा घडवते तेव्हा ते स्वतःच्याच मागच्या दहा उत्तरांवरून पुढचे उत्तर काढते, म्हणजे आपल्याच शेपटावर चालते. वजने योग्य असतील तर जुना धक्का हळूहळू विरतो. किंचित चुकीची असतील तर धक्का विरण्याऐवजी वाढत जातो, आणि बोलण्याच्या जागी कर्कश शिट्टी ऐकू येते. वजनांच्या दहा आकड्यांकडे पाहून मात्र यातले काय होणार हे कळत नाही. त्यांपासून बनणाऱ्या बहुपदीची मुळे काढून ती एकक वर्तुळाच्या आत आहेत का ते पाहावे लागते.

आणि बहुपदीवर तर विसंबताच येत नाही. ब्रिटनमधील जेम्स विल्किन्सन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १ ते २० हे पूर्णांक मुळे असलेली बहुपदी घ्या. तिच्यातला २१० हा सहगुणक दशांश चिन्हानंतरच्या सातव्या घरात, सुमारे ०.०००००१२ च्या दशांशाइतकाच, हलवा. वीसपैकी दहा मुळे वास्तव संख्यांची रेषा सोडून काल्पनिक प्रदेशात निघून जातात. विल्किन्सन यांनी या अनुभवावर १९८४ साली निबंध लिहिला आणि शीर्षकातच बहुपदीला विश्वासघातकी ठरवले. गणितज्ञाने आपल्या विषयवस्तूवर असा नैतिक आरोप करावा, हे मला मोठे मनोज्ञ वाटते.

अटल यांनी सुझान हॅनॉर यांच्यासह १९७१ साली लिहिलेला निबंध या क्षेत्रातला पायाभूत मानला जातो. तिथे वजने काढण्याची जी पद्धत आहे ती अचूक, पण स्थैर्याची हमी देत नाही. वर्तुळाबाहेर गेलेले मूळ शोधून ते आत आणून बसवण्याची तजवीज त्यांना वेगळी करावी लागली. हा दुरुस्तीचा मार्ग झाला. इताकुरा यांनी प्रश्नाचे रूपच बदलले. लेव्हिन्सन यांच्या जिन्यावर चढताना प्रत्येक पायरीला एक मधला आकडा हाती लागतो. उत्तर मिळाले की तो टाकून द्यायचा, अशी रीत होती. इताकुरा आणि साइतो यांनी म्हटले, हाच आकडा पाठवा आणि वजने टाकून द्या. त्यांनी याला 'पारकोर' असे नाव दिले. इतर त्याला परावर्तन गुणक म्हणतात. दहा वजनांत जेवढी माहिती आहे, नेमकी तेवढीच या दहा गुणकांत असते, आणि एकावरून दुसरे केव्हाही काढता येते. फरक एवढाच की हे गुणक प्रत्येकी उणे एक आणि एक यांच्यामध्ये असले की स्थैर्याची हमी मिळते. मुळे शोधायला नकोत, वर्तुळ पाहायला नको. आकडा बराच ढोबळ केला तरी जोवर तो सीमेच्या आत आहे, तोवर यंत्र किंचाळणार नाही.

यात एक सुंदर भौतिक अर्थही दडला आहे. कंठापासून ओठांपर्यंतची पोकळी म्हणजे कमीजास्त रुंदीच्या नळ्यांची एक माळ आहे असे समजा. आपल्या शिक्षाग्रंथांनी जिला कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ अशी स्थाने दिली, तीच ही पोकळी. एका नळीतून दुसरीत जाताना ध्वनीचा काही भाग मागे परततो. किती परततो ते दोन रुंदींचा फरक भागिले त्यांची बेरीज. रुंदी शून्याहून मोठी असेल तर हा भागाकार एकाच्या आतच राहणार. म्हणजे गणिती स्थैर्य आणि 'असे तोंड असू शकते' ही अट, ही एकच गोष्ट आहे. दहा वजनांच्या रूपात हा अर्थ कुठेच दिसत नाही. तिथे अशक्य तोंड आणि शक्य तोंड शेजारी-शेजारी बसलेली असतात. (अनुनासिकांच्या बाबतीत मात्र हे चित्र अपुरे पडते, कारण 'म' उच्चारताना नाकाची वेगळी शाखा उघडते आणि या माळेत शाखेला जागा नाही.)

१९७८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 'स्पीक अँड स्पेल' हे मुलांचे बोलके खेळणे बाजारात आणले. त्यातली सिलिकॉनची एक चकती दहा परावर्तन गुणकांवरून इंग्रजी शब्द उच्चारायची. पहिल्या दोन गुणकांना प्रत्येकी पाच बिट, नंतरच्या पाचांना चार आणि शेवटच्या तिघांना तीनच. म्हणजे शेवटचा गुणक अवघ्या आठ पर्यायांतून निवडलेला! इतक्या ढोबळ मापात वजने बसवली असती तर त्या खेळण्यातून शब्दांऐवजी कल्लोळच ऐकू आला असता. इताकुरा यांनी १९७५ साली आणखी एक रूप काढले. त्यात दहा आकडे म्हणजे दहा कंप्रता असतात, आणि त्या चढत्या क्रमाने राहिल्या की स्थैर्य शाबूत. वाटेत काही बिघडले तर क्रम मोडतो आणि ऐकणाऱ्या यंत्राला ते कळते. इथे कोणाला वेदपाठाच्या जटा, घन या विकृतींची आठवण होईल, मलाही झाली. पण साम्य फार ताणू नये. पाठाचे रक्षण तिथे पुनरुक्तीने होते. इथे एक अक्षरही जास्तीचे नाही. रक्षण होते ते मांडणीनेच.

एवढ्याने रूपाचा प्रश्न संपला, रीतीचा उरला. सत्तरच्या दशकात लेव्हिन्सन-डर्बिन रीतीविषयी परस्परविरोधी बोलले जात होते. कोणाला तिची उत्तरे उत्तम मिळत, कोणाला भलतीच. रीत वेगवान आहे पण भरवशाची नाही, असा समज त्यातून पसरला. १९८० साली जॉर्ज सिबेन्को यांनी या समजाची झडती घेतली. (हेच सिबेन्को पुढे १९८९ साली न्यूरल नेटवर्कविषयीच्या एका सिद्धान्तामुळे प्रसिद्ध झाले.) त्यांनी दाखवले की ही रीत स्थिर आहे, हिशेबातल्या चुकांच्या बाबतीत ती सर्वमान्य अशा चोलेस्की रीतीच्या तोडीची आहे. मग उत्तरे का बिघडतात? कारण सोडवायचा प्रश्नच बहुधा नाजूक असतो. आकड्यांत सूक्ष्म बदल झाला तर उत्तर फार हलते, आणि हे कोणत्याही रीतीने सोडवले तरी तसेच होणार.

मला या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. दोष सांगणाऱ्याचा की सांगायच्या गोष्टीचा, हा भेद समीक्षक म्हणून आपण किती वेळा नीट करतो? दुर्बोध कविता हाती आली की कवीची रीत फसली असे म्हणणे सोपे असते. अनुभवच तसा कडेलोटावरचा होता काय, हे तपासायला वेगळे कष्ट लागतात. सिबेन्को यांनी ते कष्ट घेतले. आणि प्रश्न नाजूक का, याचे उत्तर तर चटका लावणारे आहे. आवाज जितका भाकितयोग्य, तितकी समीकरणे एकमेकींची छाया होत जातात आणि सारणी कोलमडण्याच्या बेतात येते. लांबवलेला 'ई' किंवा 'ऊ' घ्या : पुढची नोंद जवळजवळ बिनचूक सांगता येते, आणि नेमके तेव्हाच वजने काढणे सर्वांत धोक्याचे असते. त्यात भर अशी की नोंदी घेण्याआधी वरच्या कंप्रता गाळणी लावून काढून टाकलेल्या असतात. आवाज जितका स्वच्छ गाळलेला, तितका हिशेब ठिसूळ.

यावर अटल आणि श्रोडर यांनी १९७९ साली सुचवलेला उपाय धाडसी होता. गाळून टाकलेल्या वरच्या कंप्रतांच्या जागी थोडी खरखर हिशेबात धरावी, असे ते म्हणाले. आवाजात नव्हे, फक्त सारणीत. ज्यांनी आयुष्य खरखर घालवण्यात वेचले, त्यांनी ती मुद्दाम आणून ठेवली. पुढे त्याचे आणखी सोपे रूप रूढ झाले : सारणीच्या मुख्य कर्णावरच्या आकड्याला १.०००१ ने गुणायचे. १९९६ च्या जी.७२९ या दूरध्वनी-मानकात हा आकडा असाच लिहिला आहे. दहा हजारात एक भाग खोटे मिसळले की उरलेले खरे तग धरते. प्रश्न सुटण्याजोगा नव्हता, म्हणून शेजारचा सुटण्याजोगा प्रश्न सोडवला, असे याला म्हणता येईल. शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही. मला ते प्रामाणिक वाटते, कारण खोट किती मिसळली ते मानकाच्या पानावर छापलेले आहे.

एक नाव राहिले. युरोपच्या पहिल्या जीएसएम भ्रमणध्वनींना सोळा बिटांच्या पूर्णांकांत सगळा हिशेब करायचा होता. लेव्हिन्सन यांच्या जिन्यावर मधली वजने केव्हा किती फुगतील याचा नेम नसतो. तेवढ्या लहान डब्यात ती मावत नाहीत. फ्रान्समधील ल रू आणि गेगें यांनी १९७७ साली निराळी वाट दाखवली होती. वजनांना हातही न लावता, एकाहून कधीच मोठ्या न होणाऱ्या राशींवरून थेट परावर्तन गुणक काढायचे. जीएसएमने तीच रीत घेतली, आठ गुणकांपुरती. या रीतीला नाव आहे इसाई शुर यांचे, कारण तिचा गाभा त्यांच्या १९१७ सालच्या शुद्ध गणिताच्या निबंधात आहे. तिथे आवाज नाही, यंत्र नाही; एकक वर्तुळात मर्यादित राहणारी फलने कशी ओळखावीत एवढाच प्रश्न आहे. शुर बर्लिनचे प्राध्यापक आणि ज्यू. नाझी राजवटीने १९३५ साली त्यांना अध्यापनातून कायमचे दूर केले. १९३९ साली ते पॅलेस्टाइनला गेले आणि १९४१ साली तेल अवीव येथे वारले. त्यांचा निबंध जर्मन दूरध्वनींतही चालू लागला तो पन्नास वर्षांनी.

ही पद्धत आता इतिहासजमा झाली असे कोणी समजू नये. २०१९ साली जाँ-मार्क व्हालँ आणि यान स्कोग्लुंड यांनी 'एलपीसीनेट' ही आवाज घडवणारी रचना मांडली. तिच्यात न्यूरल नेटवर्क आहे, पण तोंडाच्या पोकळीचा हिशेब ते नेटवर्क शिकत बसत नाही. तो भाग यूल आणि वॉकर यांच्या समीकरणांवर आणि लेव्हिन्सन यांच्या जिन्यावर सोपवला आहे. तिची आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे. वजने काढणाऱ्या भागात, जिना चढण्याच्या जरा आधी, कर्णावरच्या आकड्यात त्याचाच दहा हजारावा भाग मिळवणारी एक ओळ आहे.